पत्र्याच्या पेटीतले कागद

(चेन्नई येथील जॉर्ज टाउनमध्ये, फेडरेशनच्या बैठकीला आलेल्या मराठी रेल्वे व पोस्ट कामगारांच्या मेळाव्यात आमच्या युनियनच्या सेक्रेटरींनी केलेले भाषण. थोडे संक्षिप्त करून देत आहोत.)



आज सकाळची बैठक संपली, ठराव झाले, जेवणेही झाली. आता गाडीला वेळ आहे म्हणून आपण मराठी मंडळी इथे जमलो आहोत. आम्हाला दोन शब्द बोलायला सांगितले आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले माणूस. पुस्तकी व्याख्यान आम्हाला जमणार नाही. परंतु काल संध्याकाळी याच भागात एका घरी आम्ही जे पाहिले, ते सांगितल्याशिवाय आम्हाला परत जाववणार नाही.

आधी आपण कुठे बसलो आहोत ते लक्षात घ्या. हे जॉर्ज टाउन म्हणजे जुन्या मद्रासचे ब्लॅक टाउन. एका बाजूला बीच स्टेशन. तिथून तांबरमपर्यंत विजेवर चालणारी लोकल १९३१ सालीच सुरू झाली होती. थोडे उत्तरेला गेले की रायपुरम. दक्षिण हिंदुस्थानातली पहिली रेल्वेगाडी १८५६ मध्ये तिथून सुटली. राजाजी सालईवर जनरल पोस्ट ऑफिसची लाल इमारत आहे, ती १८८४ ची. म्हणजे रेल्वे आणि पोस्ट ही आपली दोन्ही घरे इथे शेजारी-शेजारी आहेत. तंबू चेट्टी रस्त्यावर कालिकांबाळ देवीचे देऊळ आहे. कर्नाटकाच्या स्वारीत १६७७ साली शिवाजी महाराज इथे दर्शनाला आले होते असे देवळातली मंडळी अभिमानाने सांगतात. आणि इथल्या हायकोर्टासमोरच्या समुद्रकिनाऱ्यावर १ मे १९२३ रोजी सिंगारवेलर यांनी हिंदुस्थानातला पहिला मे दिन साजरा केला. अशा जागी आपण कामगार म्हणून बसलो आहोत.

याच हायकोर्टाच्या भिंतीजवळ एक पाटी आहे. पहिल्या महायुद्धात २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री ‘एम्डेन’ नावाच्या जर्मन युद्धनौकेने मद्रास बंदरावर तोफा डागल्या. तेलाच्या टाक्या पेटल्या. इथल्या बोलीत आजही एखाद्या बिलंदर माणसाला ‘एम्डन’ म्हणतात. पण एम्डेनने या उपसागरात जी व्यापारी जहाजे पकडली, त्यांच्यावर राबणारे खलाशी, आगवाले आणि भंडारी आपल्याच देशाचे होते, हे कोणी बोलत नाही. त्या वेळी त्यांचे नशीब चांगले. कप्तानाने पकडलेल्या माणसांना दुसऱ्या जहाजावर चढवून बंदराकडे सोडून दिले. पुढच्या महायुद्धात तसे घडले नाही.

आता मुख्य गोष्ट. पोस्टातून निवृत्त झालेले आमचे एक वयस्कर साथी इथून चार गल्ल्या पलीकडे राहतात. घरात मराठी बोलतात, बाहेर तमिळ. काल त्यांनी आम्हाला चहाला बोलावले. चहा झाल्यावर त्यांनी कपाटावरून पत्र्याची एक पेटी काढली आणि म्हणाले, “सेक्रेटरीसाहेब, हे आमच्या आजोबांचे कागद. मुलगा म्हणतो टाकून द्या. तुम्ही एकदा बघा आणि सांगा, टाकू का?”

आम्ही बघितले. दोन तास बघितले.

आजोबा तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातले, वेंगुर्ल्याच्या बाजूचे. शाळा फारशी नाही. वयाच्या विसाव्या वर्षी मुंबईला गेले आणि बोटीवर लागले. कोकण आणि गोव्यातल्या शेकडो घरांची हीच कथा आहे. इंग्रज कंपन्यांच्या बोटींवर कामाची वाटणीच ठरलेली असे. डेकवर आणि इंजिनात वेगवेगळ्या मुलखांतले लोक, आणि सलूनमध्ये, म्हणजे उतारूंच्या खाण्यापिण्याच्या कामावर, मुख्यतः गोवेकर. मुंबईत धोबी तलावाच्या बाजूला गोवेकरांचे गावागावांचे कूड होते. बोट लागेपर्यंत माणूस तिथे पडून राही. आमच्या साथींचे आजोबा अशाच गोवेकर मित्राच्या ओळखीने बोटीच्या स्वयंपाकघरात शिरले. आधी भांडी, मग पँट्री, मग दुसऱ्या नंबरचे कूक.

पेटीतला पहिला कागद म्हणजे त्यांची ‘नली’. खलाशाच्या नोकरीचे हे पुस्तक. पत्र्याच्या नळीत घालून जपायचे, म्हणून नली. कुठल्या बोटीवर चढले, कधी उतरले, काम कसे, वागणूक कशी, सर्व त्यात शिक्क्यासह. रेल्वेत आपले सर्व्हिस शीट असते तसेच, फक्त इथे ते माणसाच्या स्वतःच्या हातात. नली गेली की नोकरी गेली.

बोटीवरच्या स्वयंपाकघराचे काम काय असते ते आपल्यातल्या रनिंग स्टाफला समजेल. पहाटे साडेतीनला कोळशाची चूल पेटवायची. पाव बोटीवरच भाजायचा. समुद्र खवळला तरी साहेबलोकांचा नाश्ता आठला टेबलावर पाहिजे. आणि या सर्वाला पगार किती? हिंदी खलाशाला गोऱ्या खलाशाच्या पगाराचा चौथा-पाचवा हिस्सा. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच हिंदी खलाशांनी बोटीबोटींवर संप केले. कितीतरी जणांना तुरुंगात टाकले, पण पगार वाढवावाच लागला. साथींनो, ही हकिगत आपल्या चळवळीच्या इतिहासात ठळकपणे यायला हवी.

दुसरा कागद तार. १९४१ च्या सुरुवातीची. बोटीची खबर नाही, बुडाली असे समजण्यात येते, एवढाच मजकूर. तार इंग्रजीत. गावात ती वाचून दाखवली पोस्टमनने. पोस्टातल्या साथींनो, हे काम तुमच्या खात्याने किती घरी केले असेल त्याची मोजदाद नाही. आजीने त्याला विचारले, “समजण्यात येते म्हणजे गेले का?” पोस्टमन म्हणाला, “वहिनी, यात तसे लिहिलेले नाही. लिहिले आहे तेवढेच मी वाचले.” गावातल्या बायका बांगड्या फोडायला सांगत होत्या. आजीने ऐकले नाही. ‘गेले’ असा कागद येईल तेव्हा बघू, म्हणाली.

अकरा महिन्यांनी तोच पोस्टमन एक कार्ड घेऊन आला. जर्मनीहून. पेटीत अशी दोन कार्डे आहेत, एक १९४१ चे आणि एक १९४३ चे. त्यावर तिकीट नाही. युद्धकैद्याच्या टपालाला हशील लागू नये असे १९२९ च्या जिनिव्हा कराराने ठरले होते. कार्डावर दोन शिक्के आहेत, एक तिकडच्या तपासनिसाचा आणि एक इकडच्या सेन्सॉरचा. अक्षर दुसऱ्या कुणाचे, भाषा इंग्रजी, ओळी चार. मी ठीक आहे. कपडे मिळाले. मुलांना शाळेत घाला. पत्र पाठवा.

झाले काय होते? जर्मनांनी व्यापारी बोटींच्या वेशात लढाऊ जहाजे समुद्रात सोडली होती. ‘अटलांटिस’ हे त्यांतले प्रसिद्ध. जुलै १९४० मध्ये हिंदी महासागरात त्याने ‘सिटी ऑफ बगदाद’ आणि ‘केमेनडाइन’ या बोटी दोन-तीन दिवसांच्या अंतराने पकडल्या. दोन्हींवर हिंदी खलाशी होते. अशा कैद्यांपैकी अनेकांना महिनोन्‌महिने समुद्रावर फिरवून फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरवले आणि तिथून आगगाडीने जर्मनीत नेले. आमच्या साथींचे आजोबा कुठल्या जहाजाच्या हाती लागले ते कार्डावर नाही. जे कागदावर नाही ते आम्ही जोडून सांगणार नाही.

व्यापारी खलाशांचा तळ म्हणजे ‘मिलाग नॉर्ड’. आधी तो सांडबोस्टेलच्या मोठ्या कैदी छावणीत होता, पुढे ब्रेमेन शहराच्या ईशान्येला वेस्टरटिमके गावी हलवला. तिथे हिंदी खलाशांच्या बराकी वेगळ्या होत्या. खायला पाणीदार सलगमचे सूप आणि काळा पाव. रेड क्रॉसचे पार्सल आले तर खरे जेवण. हिंदी कैद्यांसाठी लंडनहून ज्या पेट्या पाठवल्या जात, त्यांत कणीक, डाळ, तूप, मसाला असे. आणि ज्याने आयुष्यभर दुसऱ्याला रांधून घातले, तो माणूस तिथेही डब्याच्या पत्र्याची चूल करून बराकीतल्या सर्वांची डाळ शिजवीत असे. एवढी एकच गोष्ट आजोबांनी नातवाला कैदेबद्दल सांगितली. ते म्हणत, “डाळ पातळ करावी लागे, पण कुणाला कमी जास्त वाढली नाही.” बाकी कधी काही बोलले नाहीत. एप्रिल १९४५ च्या शेवटी ब्रिटिश फौजेने तो तळ मोकळा केला.

या युद्धात हिंदी व्यापारी खलाशांपैकी ६,६०० मेले, १,०२२ जखमी झाले आणि १,२१७ कैद झाले असा आकडा दिला जातो. मुंबईत मस्जिद बंदर भागात खलाशांचे स्मारक आहे. त्या लढाईत गेलेल्या, समुद्राशिवाय दुसरी कबर नसलेल्या खलाशांची सुमारे साडेसहा हजार नावे असलेली वही तिथे ठेवलेली आहे. आपण रोज मस्जिद स्टेशनवरून लोकल नेतो आणि डाक नेतो. आपल्यापैकी किती जणांनी ती पाहिली आहे? आम्हीही पाहिलेली नाही, हे कबूल करतो.

साथींनो, कुणी म्हणेल, हे एका घराचे कागद, त्यात कामगार चळवळीचे काय? त्यासाठी आणखी दोन गोष्टी ऐका. दोन्हींचा संबंध रेल्वेशी आहे.

पहिली गोष्ट कुत-अल-अमाराची. इराकमध्ये पाच महिने वेढा पडून २९ एप्रिल १९१६ रोजी तिथली इंग्रजांची फौज तुर्कांना शरण गेली. ती सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. कैद झालेल्या सुमारे तेरा हजारांत तीन हजारांवर माणसे बिनलढाऊ होती. स्वयंपाकी, भिस्ती, भंगी, डोलीवाले, खेचरवाले. या कैद्यांना वाळवंटातून पायी चालवत रास-अल-ऐनला नेले आणि बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले. आपले मराठी जवान आणि त्यांचे स्वयंपाकी परक्या मुलखात गँगमनचे काम करता करता मेले. तिथल्या कैदेबद्दल आपल्याला आतून जे समजते ते बरेचसे बंगाली घरांनी कागद जपले म्हणून. डॉक्टर कल्याणकुमार मुखर्जी १९१७ मध्ये रास-अल-ऐनला वारले. त्यांची आजी मोक्षदादेवी यांनी नातवाची पत्रे घालून १९२८ मध्ये ‘कल्याण-प्रदीप’ हे पुस्तक काढले. शिशिरप्रसाद सर्वाधिकारी हे रुग्णसेवा पथकातले. त्यांनी कैदेत डायरीचे तुकडे जपले, पुढे त्यावरून पुस्तक झाले. पण हे दोघे शिकलेले. त्यांच्यासाठी भात शिजवणाऱ्याचे पुस्तक कुठे आहे? त्याला लिहिता येत नव्हते, आणि त्याचा जो काही कागद असेल तो घरात कुणी ठेवला नाही.

दुसरी गोष्ट तर याच शहराच्या दारातली. या बंदरातून आणि नागपट्टणमहून हजारो तमिळ मजूर मलायाच्या रबराच्या मळ्यांवर गेले. १९४२ मध्ये मलाया आणि सिंगापूर जपान्यांच्या हाती गेले. जपान्यांना सयाम ते ब्रह्मदेश ४१५ किलोमीटरची रेल्वे हवी होती. ती ऑक्टोबर १९४३ मध्ये जोडली गेली. युद्धकैदी गोरे सैनिक बारा हजारांवर मेले. त्यांची नावे आहेत, दगड आहेत, कांचनबुरीला राखलेली स्मशानभूमी आहे. पण आशियाई मजूर, त्यांत मोठा भाग मळ्यांवरचे तमिळ, ते किती मेले? नव्वद हजारांच्या आसपास असा अंदाज सांगतात. अंदाज, साथींनो! सैनिकाला नंबर होता, म्हणून त्याचा हिशेब लागला. मजुराचे नाव कुणी धड लिहूनच घेतले नाही, म्हणून त्याचा अंदाज. ज्या रुळाखाली एवढी माणसे गेली, त्याचा मस्टर रोल नाही.

आता आम्ही आमच्याच घराकडे येतो. हे बोलणे आम्हाला जड जाते, तरी बोलतो.

आजोबा सुटून आल्यावर दोन वर्षांनी पुन्हा बोटीवर गेले, मद्रास बंदरात उतरले आणि इथेच एका स्टेशनच्या रिफ्रेशमेंट रूममध्ये कूक म्हणून लागले. नोकरी कंत्राटदाराकडे. एकोणीस वर्षे गाड्यांच्या उतारूंना जेवू घातले. त्या एकोणीस वर्षांचा पेटीत एकच कागद आहे, तीन ओळींचा. ‘हा मनुष्य प्रामाणिक व स्वच्छ आहे.’ पी.एफ. नाही, ग्रॅच्युइटी नाही, नेमणुकीची तारीखही नाही. विचार करा. शत्रूच्या कैदेत असताना त्यांचे नाव आणि नंबर कागदावर नीट होते. कैदेतल्या महिन्यांचा पगारसुद्धा नली दाखवून त्यांना मिळाला. आणि स्वतःच्या देशात, रेल्वेच्या आवारात, एकोणीस वर्षे राबून त्यांचे नाव रेल्वेच्या कुठल्याही वहीत नव्हते.

याला फक्त कंत्राटदार जबाबदार का? आम्ही नोकरीला लागलो त्या काळातली गोष्ट. २७ फेब्रुवारी १९९० रोजी सुप्रीम कोर्टाने एम. एम. आर. खान खटल्यात निकाल दिला. कायद्याने चालवायच्या रेल्वे कॅन्टीनमधले कामगार हे रेल्वेचेच कामगार, आणि मान्यताप्राप्त कॅन्टीनमधल्यांनाही तोच दर्जा. मान्यता नसलेली कॅन्टीने मात्र बाहेर राहिली. तेव्हा आमच्या शाखेच्या ऑफिसात एक कॅन्टीनचा स्वयंपाकी आला. पंधरा वर्षे त्याने आम्हाला उसळ-पाव आणि चहा दिलेला. म्हणाला, “दादा, माझे नाव यादीत नाही.” आम्ही विचारले, कागद आहे? तो म्हणाला, “कागद कधी कुणी दिलाच नाही. तुम्ही सगळे मला रोज बघता ना?” त्याचे म्हणणे खरे होते. सहाशे माणसांनी त्याला रोज पाहिले होते. पण आमची युनियन त्या पंधरा वर्षांत एकदाही त्याच्यासाठी पत्र लिहायला बसली नव्हती. तो आमचा वर्गणीदार सभासद नव्हता ना! त्याचा दावा टिकला नाही. तो गावी गेला. त्याच्या हातचा चहा आम्ही पीत होतो आणि गेटवर ‘कामगार एकजुटीचा विजय असो’ म्हणत होतो.

म्हणून काल त्या पेटीसमोर बसलो तेव्हा आम्हाला आजोबांपेक्षा त्या माणसाची आठवण जास्त झाली.

आजची स्थिती काय? आय.आर.सी.टी.सी. १९९९ मध्ये स्थापन झाली आणि खानपानाचे काम टप्प्याटप्प्याने लायसन्सदारांकडे गेले. लांब पल्ल्याच्या गाडीत जो मुलगा तुम्हाला ट्रे आणून देतो, तो पँट्रीच्या जमिनीवर झोपतो. पोस्टातही कंत्राटी माणसे वाढली आहेत. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या नियमांत रोजगार कार्ड, वेतन चिठ्ठी आणि काम सुटल्यावर सेवेचा दाखला या सर्वांची तरतूद होती. किती जणांना ते मिळाले? नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झाले. त्यांच्याबद्दल आमच्या तक्रारी आहेत आणि त्या आम्ही मांडतोच आहोत. पण प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र दिलेच पाहिजे असे त्यात लिहिले आहे. मग ते कलम तरी आपण हातात धरून मागू या. लिहिलेले कलम मागायला कुणाची परवानगी लागत नाही.

आमच्या तीन सूचना आहेत.

एक, प्रत्येक शाखेने आपल्या हद्दीतल्या कॅन्टीन, पँट्री आणि रिफ्रेशमेंट रूममधल्या प्रत्येक माणसाचे नाव, गाव, कामाला लागल्याची तारीख आणि कंत्राटदाराचे नाव एका वहीत लिहावे. सभासद असो वा नसो. दर सहा महिन्यांनी त्यावर सेक्रेटरीने सही करावी. कोर्टात त्याला किती वजन मिळेल ते पुढे बघू. पण ‘तुमच्याकडे काहीच नाही’ असे म्हणायची पाळी पुन्हा येऊ नये.

दोन, आपल्या घरातल्या पेट्या उघडा. बाप, आजा, मामा यांची सर्व्हिस बुके, पास, वेतन चिठ्ठ्या, मनिऑर्डरच्या पावत्या, तारा, १९६० आणि १९७४ च्या संपातल्या निलंबनाच्या नोटिसा, जे असेल ते. वाळवी लागण्यापूर्वी त्याच्या झेरॉक्स काढा आणि एक प्रत युनियन ऑफिसात ठेवा. मालकांचा इतिहास लिहायला मालकांची दप्तरे आहेत. आपला इतिहास आपल्याच ट्रंकेत आहे.

तीन, मुलांना हे कागद दाखवा आणि वाचून दाखवा. ती इंग्रजी शाळेत जातात, आपल्यापेक्षा चांगले वाचतील.

संध्याकाळी तुम्ही बर्मा बाजाराकडे जाल. तिथे आसपासच्या गाड्यांवर ‘अथो’ नावाचे शेवयांसारखे खाणे मिळते. ब्रह्मदेशातून सर्वस्व सोडून परत आलेल्या तमिळ कुटुंबांनी ते इथे आणले आणि त्यावर पोट भरले. जरूर खा, चांगले असते. पण खाताना करणाऱ्या माणसाशी दोन शब्द बोला. त्याचे घर कुठून आले ते विचारा. त्याच्याकडेही एखादी पेटी असेल.

आमच्या त्या साथींनी शेवटी पुन्हा विचारले, टाकू का? आम्ही म्हटले, “टाकू नका. उद्या झेरॉक्सच्या दुकानात आम्ही तुमच्याबरोबर येतो.” आज सकाळी बैठकीआधी जाऊन आलो. एकूण अडतीस पाने झाली. एक प्रत आमच्या पिशवीत आहे आणि ती आमच्या ऑफिसच्या कपाटात राहील. मूळ कागद त्यांच्या घरीच आहेत. काल टाका म्हणणारा त्यांचा मुलगाच आज दुकानात आला होता. नलीची पाने एकेक करून तोच उलटून देत होता.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. कामगार एकजुटीचा विजय असो, आणि त्या एकजुटीत आपल्याला जेवू घालणाराही मोजला जावो.